गणपती मूषकाला काय म्हणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर लेख होता, त्यात जुन्या वह्या-चोपड्या डोळे झाकून रद्दीत घाला असा सल्ला दिला होता. तो वाचला आणि आमच्या ह्यांनी लगेच कपाटावरच्या माझ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांकडे बघितलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. डबे तीन आहेत आणि तिन्हीत गाण्यांची पुस्तकं आहेत, म्हणजे पुस्तकं कसली, आठ नाहीतर सोळा पानी चोपड्या. मेळ्याची पदं (गणेशोत्सवात पोरं टोळीने गाणी म्हणत फिरायची, ते मेळे), संगीत नाटकांची पदं, जत्रेत मिळायचे ते पोवाडे, लावण्या, भीमगीतं, आणि थेटराच्या दारात विकायचे त्या सिनेमाच्या चोपड्या, ज्यात अर्धी गोष्ट सांगून "पुढे पडद्यावर पहा" असं लिहून मोकळे व्हायचे.

मला हा नाद लागला तो बाबांच्या एका पुस्तकामुळे, त्याबद्दल शेवटी सांगते. पण आधी तक्रार. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या वाचनालयाने (नाव नको) कपाटं रिकामी केली. नेहमीचा रद्दीवाला मला म्हणाला, बाई तुमच्या गाण्याच्या चोपड्या आल्यात बघा, पोतंभर आहेत. गेले तर खरंच पोतं होतं. मी वाचनालयात जाऊन विचारलं की अहो असं कसं, तर म्हणाले त्यांना दाखल नंबरच नव्हता, सोळा पानाला कोण पुस्तक म्हणतंय. मी किलोच्या भावाने सगळं उचललं, रिक्षाचे पैसेच जास्त झाले. निम्मं कसरीने खाल्लेलं होतं आणि पिना गंजून मधल्या पानावर दोन तांबडे डाग, पण अक्षर न् अक्षर वाचता येतंय.

आता लोक म्हणतील की गाणी तर यूट्यूबवर आहेत, हे कशाला. अहो गाण्यासाठी नाहीच! प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात "चाल –" म्हणून एक ओळ असते, ती वाचा. आपल्याकडे या पुस्तकांत स्वरलेखन बहुतेक नसायचंच, लोकांना पाठ असलेल्या गाण्याचं नाव दिलं की झालं, पोरं म्हणायला लागायची. म्हणजे त्या वर्षी त्या गावात पोरासोरांच्या तोंडात काय होतं हे त्या एका ओळीत सापडतं. आधी सगळ्या चाली नाटकाच्या, मग हळूहळू प्रभातच्या सिनेमांच्या शिरतात आणि मग हिंदीच हिंदी. साल बहुतेकांवर छापलेलंच नसतं पण चालीवरून अंदाज येतो, 'मानापमान' नाटकातल्या पदाची चाल दिली असेल तर पुस्तक १९११ च्या आधीचं असूच शकत नाही. किंमत आण्यात असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं, "न. पै." म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ नंतरची मोजकी वर्षं, आणि पत्त्यात नुसतं "पुणे २" असेल, सहा आकडी पिन नसेल, तर बहुतेक १९७२ च्या आधीचं. छापखान्याचं नाव आणि गाव मात्र सहसा असतंच, १८६७ च्या कायद्याने ते छापावंच लागायचं. माझ्या डब्यातल्या कितीतरी छापखान्यांच्या जागी आज मोबाईलची दुकानं आहेत.

आणि ही काही नुसती करमणूक नव्हती. पुण्यात १९२२ साली ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी छत्रपती मेळा काढला आणि ब्राह्मणांच्या सन्मित्र समाज मेळ्याबरोबर त्यांचं जे वाजलं ते पदांतूनच वाजलं, आज फेसबुकवर होतं तसं, फक्त वृत्तात आणि तालात. भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-सोंगांचे कार्यक्रम, गावोगाव फिरले, बाबासाहेबांचं म्हणणं वाचता न येणाऱ्यापर्यंत पोचलं ते गाण्यातून. नाशिकला तर १९०९ साली बाबाराव सावरकरांना छोट्या पुस्तिकेतल्या कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली, काळं पाणी. सरकार एवढं घाबरत होतं या चोपड्यांना.

गंमत अशी की इंग्रजांनी जी जप्त केली त्यातली बरीच टिकली. जप्त केलेल्या साहित्याच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात नीट ठेवलेल्या आहेत, कॅटलॉगसकट. ज्यांच्यावर बंदी आली नाही, जी बिचारी नळावर, महागाईवर, हुंड्यावर, नवऱ्याच्या चहाच्या व्यसनावर होती, ती आपण आपल्या हाताने वाण्याकडे पुड्या बांधायला दिली. १८९१ साली ॲकवर्थ नावाचे इंग्रज साहेब आणि शाळिग्राम यांनी लोकांच्या तोंडून पोवाडे उतरवून घेऊन छापले, त्याचं आपण कौतुक करतो आणि करावंच, पण इथे तर उतरवून घ्यायचे पण कष्ट नव्हते, छापलेलं आयतं होतं. सिनेमाच्या चोपड्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने त्या जमवल्यात आणि चोर बाजारात त्यांना चांगला भावही येतो. मेळ्याच्या पुस्तकाला कोण विचारतंय? जुन्या बाजारात रविवारी जाऊन मी विचारते तर लोक मलाच काय तरी येडी म्हातारी अशा नजरेने बघतात.

म्हणून तुमच्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे की ट्रंकेच्या तळाशी असं काही निघालं तर रद्दीत टाकू नका, आणि कृपा करून लॅमिनेशनही करू नका. सेलोटेप तर नकोच नको, पाच वर्षांत पिवळी होऊन कागद घेऊन निघते, माझ्या हातून एक लावणीचं पुस्तक असंच गेलंय, अजून हळहळ वाटते. गंजलेली पिन हळूच काढा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, चाल आणि छापखान्याची ओळ पण त्या फोटोत येऊ द्या. पेन्सिलीने काय लिहिलेलं असेल तर खोडू नका. चैत्यभूमीला सहा डिसेंबरला जाणारे असाल तर तिथे अजून भीमगीतांची पुस्तकं मिळतात, दोन जास्त घ्या, एक गायला, एक ठेवायला.

आता बाबांचं पुस्तक. आमच्या पेठेच्या मेळ्याचं, किंमत अर्धा आणा, साल नाही. बाबा सांगायचे मी चौथीत होतो, युद्ध चालू होतं, घरात रॉकेल मिळत नव्हतं. एका पदाची चाल किस्मत सिनेमातल्या गाण्याची आहे, तो आला १९४३ ला, म्हणजे जुळतंय. बाबांच्या वाटच्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात कोणीतरी मास्तरांनी "हळू नको, ओरड" असं लिहिलंय. शेवटचं पद नळाच्या रांगेवर आहे. चौदाव्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ अशी:

"रांग पाहुनी बादल्यांची गणपती वदे मूषकाला –"

आणि पुढचं पान नाहीच. बाबांना शेवटपर्यंत आठवलं नाही, "त्याच्यावर लोक लय हसायचे, काहीतरी शेपटीचं होतं" एवढंच म्हणायचे. पुस्तकाच्या दोन-चारशे प्रती तरी छापल्या असतील, कुठल्यातरी माळ्यावर एखादी असेलच. कुणाला पंधरावं पान सापडलं तर तुमच्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता तुमच्याकडे दिलेला आहे. मूळ पान नको, फोटो पाठवला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका