थॉरफिन घडतो तो शेतातच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अ‍ॅनिमेवरचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांवरचा लेख वाचला. आपल्या पेपरात या विषयाला अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला, पण त्यात 'व्हिनलँड सागा' या व्हायकिंगांच्या काळातल्या मालिकेवर एकच ओळ होती की पहिला सीझन जबरदस्त आणि दुसरा शेतीत रुतून बसला. ही ओळ काही मला पचली नाही म्हणून हे पत्र. मी दोन्ही सीझनचे मिळून 48 एपिसोड बघितलेत, काही तर दोन-तीनदा, आणि माझं म्हणणं असं की तलवारी चालतात तोपर्यंत तिचा नायक थॉरफिन नुसता वयाने वाढतो, माणूस म्हणून घडतो तो त्या शेतातच. (पुढे कथा फोडणारे स्पॉयलर आहेत, ज्यांना मालिका बघायचीय त्यांनी इथंच थांबा.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थॉरफिन हा आइसलँडमधला सहा वर्षांचा पोरगा, बापाच्या जहाजात लपून निघतो आणि फॅरो बेटांवर अस्केलाड नावाच्या लुटारूची टोळी दगा करून बापाला म्हणजे थॉर्सला बाणांनी मारते ते डोळ्यादेखत बघतो. मग सूड घ्यायचा म्हणून त्याच टोळीत राहतो, अस्केलाड सांगेल ती कामं करतो, किल्ल्यात घुसतो, माणसं मारतो, आणि मोबदला काय तर अस्केलाडशी द्वंद्व करायची एक संधी. अशी 11 वर्षं! आणि शेवटी यॉर्कमध्ये अस्केलाडला मारतो तो दुसराच, कॅन्यूट राजपुत्र. मरता मरता अस्केलाड या पोराला विचारतो की मी मेल्यावर तू काय करणार होतास, आणि पोराकडे उत्तरच नाही. बापाचा खंजीर हातातून गळून पडतो. हा 24 वा एपिसोड, आणि त्याचं नाव 'प्रस्तावनेचा शेवट'. म्हणजे 24 एपिसोड झाले ती फक्त प्रस्तावना होती, मी तर उठून खोलीत येरझाऱ्या घालत होतो.

इथं सांगायच्या पद्धतीचंही कौतुक करायला हवं. माकोतो युकिमुरा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) 2005 ते 2025 अशी 20 वर्षं चालली, तिची सुरुवात थेट लढाईने होते आणि बालपण मागाहून येतं. अ‍ॅनिमेत दिग्दर्शक शुहेई याबुता यांनी बालपण आधी आणलं, त्यामुळे बर्फात खेळणारा, लेफ नावाच्या खलाशाच्या दूरदेशीच्या गोष्टी डोळे विस्फारून ऐकणारा पोरगा आपल्या ओळखीचा होतो आणि मग पुढचा तो लाल डोळ्यांचा थॉरफिन बघवत नाही. पहिला सीझन विट स्टुडिओचा, दुसरा 'मापा' (MAPPA) स्टुडिओचा, पण दिग्दर्शक तेच राहिले म्हणून सूर कुठं तुटत नाही.

आता दुसऱ्या सीझनमधलं शेत. डेन्मार्कमध्ये केतिल नावाच्या जमीनदाराकडे थॉरफिन गुलाम, सोबत आयनर, ज्याचं अख्खं घर अशाच लुटारूंनी संपवलंय. जंगल तोडून जमीन काढायची, गहू पिकवायचा आणि त्यातून स्वतःची किंमत चुकवून सुटायचं. त्यातला बुडखे उपटायचा सीन घ्या. झाड पाडणं सोपं, बुडखा निघत नाही, गडी घोडा द्यायला तयार नाहीत, शेवटी एका म्हाताऱ्याचं काम करून देऊन त्याचा घोडा मिळवतात. माझे काका शेजारी बसून बघत होते, त्यांना जपानी कळत नाही आणि सबटायटलही वाचत नव्हते, पण थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर करतायत, आधी भोवतीनं उकरून मुळ्या तोडल्या पाहिजेत, नाहीतर जनावराचा खांदा जातो." शेती करणाऱ्या माणसाला पटेल इतकं नीट काढलंय ते. आणि बुडखा निघतो तेव्हा थॉरफिनच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पहिल्या सीझनमध्ये एकदाही दिसलेलं नाही, कारण मोठा झाल्यापासून त्याच्या हातून काही उभं राहतंय असं हे पहिल्यांदाच.

मग गहू उगवून येतो, गडी जळून ती रोपं तुडवतात, आणि पहिला ठोसा मारतो तो थॉरफिनच. मला हे फार खरं वाटतं. एवढ्या वर्षांचा सूड एका गोड भाषणाने जात नसतो. त्या मारामारीत बेशुद्ध पडल्यावर त्याला स्वप्न पडतं, त्यात मेलेले योद्धे खाली एकमेकांना कापत राहिलेत, त्याने मारलेली माणसं पायाला धरून त्याला ओढतायत, आणि त्या गर्दीतून त्याला वर ढकलणारा कोण तर अस्केलाड. जागा झाल्यावर तो हिंसा सोडायची शपथ घेतो. आपल्याकडे ऐतिहासिक मालिकांत मुलाचे पाय पाळण्यातच दाखवायची सवय आहे, नायक जन्मतः शहाणा, मग पुढे त्याच्यात बदलायला उरतं काय? इथं नायक आधी खुनी आहे आणि मालिका ते कुठंही माफ करत नाही.

बाकीच्यांचंही तेच. कॅन्यूट लोकांसमोर तोंड उघडायला घाबरणारा पोर, त्याचा थंड डोक्याचा राजा होतो. आणि केतिल, गुलामांना सुटायची संधी देणारा, सगळ्यांना आवडणारा मालक, सगळं हातातून निसटतंय म्हटल्यावर पोटुशी असलेल्या आर्नहाइड या गुलाम बाईला काठीने मारतो आणि त्यातच ती जाते. तो एपिसोड मी परत बघितलेला नाही, बघूही शकणार नाही.

नंतर कॅन्यूट राजाला नुसतं भेटता यावं म्हणून थॉरफिन एका धिप्पाड शिपायाचे 100 ठोसे खातो, हात उचलत नाही, आणि मला कुणी शत्रू नाही म्हणतो. लहानपणी बापाने सांगितलेलं हे वाक्य त्याला इतक्या वर्षांनी समजलेलं असतं. मधला शेतीचा भाग काढून टाका, हे वाक्य पोकळ वाटेल.

एक शेवटचं, मालिकेतला थॉरफिन ज्याच्यावर बेतलाय तो थॉरफिन कार्लसेफनी हा आइसलँडच्या जुन्या सागांमधला, म्हणजे वीरकथांमधला माणूस, व्हिनलँडला म्हणजे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला वस्ती करायला गेलेला. कॅनडात न्यूफाउंडलँडला लान्स ओ मेडोज इथं 1960 मध्ये नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांची वस्ती सापडली, आणि तिथल्या लाकडांवरून 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की ती झाडं 1021 साली धातूच्या हत्याराने तोडलेली आहेत. एवढा समुद्र ओलांडून गेलेल्या त्या लोकांचं नेमकं साल आपल्याला कळलं ते त्यांनी तोडलेल्या झाडांवरून, हे वाचलं तेव्हा मला केतिलच्या रानातले ते दोघं आठवले.

तुमच्या लेखकांना माझी विनंती आहे की दुसऱ्या सीझनचा नववा एपिसोड, तो शपथेचा, त्यांनी एकदा सावकाश परत बघावा आणि मग दुसऱ्या सीझनवर वेगळं लिहावं. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र नाही छापलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, कराड