आरोग्यमंत्री साहेब, तुमच्या फुकटच्या ग्रहण-चष्म्याबद्दल

मा. आरोग्यमंत्री साहेब,

सादर नमस्कार. परवाच्या ग्रहणाला तुमच्या खात्याने जाहीर कार्यक्रम ठेवला होता, तुमच्या फोटोखाली "तपासलेले सुरक्षित चष्मे मोफत" असं छापून. मीही रांगेत उभी राहून एक घेतला, सूर्य बघितला, काही दुखलं नाही, घरी आले. दुखणार तरी कसं, डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. तोवर दोन्ही डोळ्यांसमोर मधोमध राखाडी डाग आला होता, डाव्यात जास्त. पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन काढला, मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, इजा आहे म्हणाले. यावर खात्रीचं औषध नाही, वाट बघायची, काहींचं तीन ते सहा महिन्यांत सुधारतं, काहींचा डाग कायमचा राहतो.

साहेब, मी प्रूफरीडर आहे. ज्या शब्दाकडे बघावं तोच नाहीसा होतो, आजूबाजूचे मात्र स्वच्छ दिसतात. सरळ ओळीला मध्येच पोक येतं. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. काम बंद आहे, आणि तुमच्या खात्याचं उत्तर काय, तर "नागरिकांनी सूचनांचं पालन करावं". कुठल्या सूचना? माइकवरचे तुमचे साहेब तर "आता ९० टक्के झाकलाय, आता बिनधास्त बघा" असं सांगत होते आणि पोरं चष्मे काढत होती! अहो, उरलेली कोर तेवढीच प्रखर असते, उलट उजेड कमी झाल्याने बाहुली मोठी होते आणि डोळा जास्तच आत ओढून घेतो. उघड्या डोळ्यांनी बघायचं ते फक्त खग्रास स्थितीत, सूर्य पूर्ण झाकलेला असताना, आणि कंकणाकृती ग्रहणात तर तेही नाही. एक गृहस्थ तोच चष्मा लावून दुर्बिणीतून बघत होते. दुर्बिणीला फिल्टर पुढच्या काचेवर लागतो, नाहीतर एकवटलेलं ऊन चष्म्यासकट डोळा जाळतं. कोणी अडवलं? स्टेजवर तुमच्या स्वागताची गडबड चालली होती ना.

चष्मा अजून माझ्याकडे आहे. खऱ्या ग्रहण-चष्म्यातून सूर्य सोडून जवळपास काही दिसता कामा नये. तुमच्या चष्म्यातून मला छताचा पंखा दिसतो. आणि वर ऐटीत आयएसओ १२३१२-२, म्हणजे ग्रहण-चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, छापलंय, छापायला काय जातं, उद्या मी पुठ्ठ्यावर छापून आणते. २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणाच्या वेळी असलाच भरवसा नसलेला माल निघाला, ॲमेझॉनने गिऱ्हाइकांना पैसे परत केले, म्हणजे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये हे जगाला तेव्हाच कळलं, तुमच्या खरेदी विभागाला सोडून. त्या मानकात ०.००३२ टक्क्यांच्या वर उजेड आत यायला नको आणि साधा काळा गॉगल दहा-वीस टक्के येऊ देतो, म्हणजे तीन ते सहा हजार पट, हिशोब कच्चा असेल तर तुमच्या अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या, त्यांनी चष्मे तर तपासले नाहीत.

खरा राग पुढेच आहे. पूर येतो, साथ येते, तेव्हा "अचानक आलं" म्हणता, चला मानलं. पण ग्रहण? कित्येक वर्षं आधी सेकंदासकट वेळ ठरलेली असते. १२ ऑगस्ट २०२६ चं स्पेन-आइसलँडचं, २ ऑगस्ट २०२७ चं इजिप्तमधल्या लुक्सॉरवरून जाणारं, जिथे अंधार सहा मिनिटं २३ सेकंदांपर्यंत जातो, सगळं छापून तयार आहे. एवढी आगाऊ नोटीस दुसरं कोण देतं तुम्हाला? तरी टेंडर शेवटच्या आठवड्यात, कारण घाईत कोणी चाचणी मागत नाही, हे न कळण्याइतके आम्ही खुळे नाही. बरं, चष्मे नसते तरी चाललं असतं, पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा, मीटरभर लांब कागद धरा, त्यावर नऊ मिलिमीटरचा सूर्य उमटतो. खर्च शून्य. पण त्यावर तुमचा फोटो छापता येत नाही!

मला भरपाई हवीच आहे, पण आधी उरलेले चष्मे परत मागवा, लोक ते पुढच्या ग्रहणासाठी जपून ठेवतायत. ठेकेदाराचं नाव आणि लॅबचा चाचणी अहवाल जाहीर करा. अहवाल नसेल तर तसं लेखी द्या, जरा मोठ्या अक्षरात, म्हणजे मला वाचता येईल.

आपली,
एक नागरिक