बाळ्याचा गणपती आणि चोवीस तासांचा हायवे

कणकवली,
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय बाळ्या,

तुझा गणपती घरी नीट पोचला, हे तुला फोनवर कळलंच आहे. पण फोनवर तू 'ट्रॅफिक होता काय रे' विचारलंस आणि मी 'होता थोडा' म्हटलं, ते खोटं होतं. खरं आता लिहितो.

सोमवारी रात्री साडेनऊला डोंबिवली सोडली. बाबा पुढे, वैशाली आणि सई मागे, डिकीत मखराचे पडदे आणि तुझ्या आईसाठी घेतलेली इस्त्री. हिशेब साधा होता. साडेचारशे किलोमीटर, फार तर सकाळी आठ. दुपारी झोप काढायची आणि हरतालिकेच्या संध्याकाळी तुझ्या वतीने आबांच्या मूर्ती घडवायच्या शाळेतून गणपती डोक्यावर घ्यायचा. सुट्टी मिळाली नाही म्हणून तू मस्कतहून मला शब्द घातलेलास, तेव्हा मी अगदी छाती काढून 'हो' म्हटलं होतं.

पनवेलला अकरा वाजले, वडखळला एक. कोलाडपर्यंत तक्रार नव्हती. इंदापूरच्या अलीकडे समोरचे लाल दिवे थांबले ते थांबलेच.

माणगावचं तुला ठाऊक आहे. बायपास अजून अर्धवट, त्यामुळे सगळा हायवे बाजारपेठेतून जातो. त्यात ताम्हिणीतून उतरलेल्या पुण्याच्या गाड्या तिथेच येऊन मिळतात. एवढं असूनही रांग मुंगीच्या पावलाने सरकली असती, पण शहाणे लोक उजवीकडून तिसरी रांग काढतात. मग समोरून एसटी येते, तिला वाट नाही, आणि सगळ्यांचंच घोडं अडतं. पहाटे साडेचार ते सकाळी साडेनऊ आम्ही किती सरकलो असू? सई म्हणाली, "बाबा, ते मेडिकलचं दुकान मघाशीपण दिसत होतं." या रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं २०११ साली आणि सईचा जन्मही त्याच सालचा. पोरगी नववीत गेली, रस्ता अजून बालवाडीत.

आणि हो, यंदापासून आपल्याला चाकरमानी म्हणायचं नाही, कोकणवासीय म्हणायचं, असं सरकारने ठरवलंय. बाबा म्हणाले, "नाव बदलून झाला असात तर आता रस्तो बघा."

पुरुषांचं एक वेळ निभतं रे, बायकांचे हाल बघवत नव्हते. पेट्रोल पंपावर ही मोठी रांग. शेवटी रस्त्याकडेच्या एका घरातली बाई स्वतःच बाहेर आली, आणि आमच्या पुढच्या-मागच्या पाच-सहा गाड्यांतल्या बायकांना आत घेऊन गेली. वर चहा दिला. पैसे विचारले तर रागावली.

आमच्या बाजूच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ पुढच्या सीटवर मांडीवर गणपती घेऊन बसलेले. पेणची मूर्ती, तोंडावर रुमाल. दीड तास आम्ही खिडकीला खिडकी लावून होतो. त्यांना खेडला जायचं होतं. मुलगा म्हणत होता, मागे ठेवूया, पाय आखडतील. म्हातारबुवा ऐकेनात. गाडीला जरा धक्का बसला की दोन्ही हात मूर्तीभोवती. मला सारखा तुझा गणपती आठवत होता, शाळेत एकटा बसलेला.

महाडला सावित्रीच्या पुलावर बाबांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ ची ती रात्र, पुरात पुलासकट वाहून गेलेल्या दोन एसट्या, कोण विसरेल? पण तोच पूल पुढच्या पावसाच्या आत पुन्हा उभा राहिला होता, हेही मी विसरत नाही. म्हणजे ठरवलं की जमतं. कशेडीचा बोगदा तर सुखच आहे. पूर्वी घाटात सईला हमखास ओकाऱ्या व्हायच्या, आता ती घाट संपला तरी झोपलेली. चिपळूणला तीन वाजले, आणि पुढे संगमेश्वरपर्यंत पुन्हा खड्डे, डायव्हर्जन, चिखल.

हातखंब्याला सात वाजले तेव्हा मी हरलो. तुझ्या आईला फोन केला, म्हटलं काकी, शेजारच्या पोरांना सांगा, माझं काही खरं नाही. ती म्हणाली, "पोरा आणूक तयार आसत. पण बाळ्यान तुका सांगल्यान ना? मग सावकाश ये." फोन ठेवला. त्यानंतर गाडीत कोणी बोललं नाही. राजापूर सोडलं आणि रस्ता असा गुळगुळीत लागला की मला उगाच राग आला.

रात्री सव्वादहाला शाळेपाशी गाडी लावली. घरी नाही, थेट शाळेत. पाऊस धो धो. आत एकच बल्ब आणि खालच्या फळीवर एकच मूर्ती. आबा बिडी विझवत म्हणाले, "खंय रवलंस रे? गणपती बसान बसान कंटाळलो."

तुझा पाट, तुझा गणपती, माझं डोकं. तुझी पुतणी बॅटरी घेऊन पुढे, बाबा छत्री धरून बाजूला. स्वतः पूर्ण भिजले, पण मूर्तीवर थेंब पडू दिला नाही. साकवावर पाय घसरला, ते तुझ्या आईला सांगू नकोस.

दारात काकीने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. बाळ्या, ते पाणी गरम होतं. चुलीवर ठेवून ती कधीपासून बसली होती, कोण जाणे. गणपतीच्या डोक्यावरची माटवीची चौकट बांधून तयार, तेरडा, हरणं, कवंडळं, रानातली सगळी फुलं-फळं जिथल्या तिथे. नारळ तेवढा तुझ्या नेहमीच्या जागी बांधलेला नव्हता, तो मी सकाळी बांधला.

पाटाला शाळेतली चिठ्ठी चिकटवलेली होती, तुझ्या नावाची. पावसाने शाई थोडी पसरलीय. या पत्रासोबत पाठवतोय. पुढच्या वर्षी ती परत घेऊन ये, आणि रेल्वेचं तिकीट आधीच काढ.

तुझा,
पक्या