त्या हिरव्याला ‘रंग’ म्हणू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सोंग काळातल्या (९६०–१२७९) चिनी भांड्यांवरचा लेख दोनदा वाचला. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला, पण ‘हिरवा रंग दिलेली भांडी’ हे शब्द खटकले. तो रंग दिलेला नाही. भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, म्हणजे झिलईत (ग्लेझमध्ये), शेकडा एक-दोन भाग लोहाचा अंश असतो. भट्टीत हवा कमी पडली की तेच लोह निळसर हिरवं दिसतं, मोकळी मिळाली की पिवळट तपकिरी. लाकडं कधी सारायची आणि हवा कधी कोंडायची, हे जाणणाऱ्या कुंभाराने तो हिरवा घडवला.

दुसरं, लेखात झिलईवरच्या बारीक तड्यांना ‘जुनेपणाची खूण’ म्हटलंय. मी २८ वर्षं टाइल्सच्या कारखान्यात ग्लेझ विभागात होते. टाइलवर शाई फासायची, ओल्या फडक्याने पुसायची. केसासारख्या रेघा उरल्या की टाइल बाद. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते आणि ताणाने फाटते. पुष्कळदा हे भट्टीतून निघतानाच होतं, वयाचा संबंध नसतो. हांगझौच्या राजभट्ट्यांत तर पातळ, काळपट मातीवर झिलईचे थरावर थर चढवत, काही भांड्यांत झिलई मातीहून जाड, आणि तिच्या तड्यांना शोभा मानत. त्या भांड्यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा बाद केलेल्या टाइल्सचे ढीग डोळ्यांसमोर आले.

मुलाकडे लंडनला गेले असताना ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात हनान प्रांतातली ‘रू’ भांडी पाहिली. पावसाने धुतलेल्या आभाळाचा तो रंग! ही भांडी राजदरबारासाठी जेमतेम वीसेक वर्षं घडली. आज जगात शंभरसुद्धा उरलेली नाहीत. तळालाही झिलई देत. ती वितळून भट्टीत चिकटू नये म्हणून भांडं बारीक टोकांवर ठेवत, आणि त्या टोकांच्या तिळाएवढ्या खुणा तळाला राहत.

त्या दालनातला सुमारे १,७०० वस्तूंचा संग्रह सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईतला. मराठी वृत्तपत्राच्या लेखात त्यांचा उल्लेखही नसावा, याचं वाईट वाटलं. पुढच्या भागात ही दुरुस्ती आणि हे नाव, दोन्ही यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्लेझ तंत्रज्ञ, ठाणे