दहिसरच्या नदीचे फोटो

हॅम्बुर्ग,
१४ जून

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

डिसेंबरात आलो असताना गावठाणात आणि खाली खाडीपर्यंत नदीचे जे फोटो काढले होते, ते परवा इथे मोठ्या आकारात छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. फोटो देखणे आले आहेत; तरी पाहताना मन रमेना. भरतीची वेळ साधून, कोवळ्या उन्हात, पाणी काठोकाठ असताना मी ते काढले होते. ओहोटीला उघडा पडणारा काळा गाळ, त्यात रुतलेल्या पिशव्या, दोन्ही काठांच्या सिमेंटच्या भिंती, यांतले काहीही चौकटीत येऊ नये म्हणून कधी खाली बसलो, कधी डावीकडे सरकलो. परदेशातल्या माणसाला आपले गाव जसे आठवायला आवडते, तसेच मी ते काढले.

शेजारी बाबांनी क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला एक चौकोनी, पिवळा पडलेला फोटो ठेवला, तेव्हा हे अधिकच जाणवले. एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, आणि त्यांतला एक त्यांनी धुणे धुणाऱ्या आजीवर खर्च केला होता. आजी पाठमोरी आहे, दगडावर आपटायला उचललेल्या लुगड्याचा पिळा हवेतच पुसट झाला आहे, मागे तबेल्यातल्या म्हशी मानेपर्यंत पाण्यात बसल्या आहेत आणि खाली कोपऱ्यात कोणाचा तरी अर्धा पाय आला आहे. एखाद्या स्पर्धेत हा फोटो पहिल्याच फेरीत बाद होईल. पण पाणी कुठवर होते आणि दगड कुठे होते, हे सांगणारा पुरावा आपल्या घरात तेवढाच आहे. मंडपेश्वरच्या लेण्यांजवळून पूर्वी नदी वाहत होती, असे तुम्ही नेहमी सांगता, आणि त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे आम्हाला काही करता येत नाही, कारण तेव्हा फोटो काढणारे कोणी नव्हते.

म्हणून एक विनंती आहे. धाकट्याच्या हातात मोबाइल देऊन त्याला बाबा जिथे उभे राहिले होते तिथे उभे करावे. नेमकी जागा तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. आता तिथे भिंत आली असेल, तर भिंतीचाच फोटो घ्यावा. एक फोटो भरतीला, एक ओहोटीला, शक्यतो त्याच दिवशी. कांदरपाड्याकडे मेट्रोचे खांब मध्ये येतात म्हणून त्याने मोबाइल फिरवू नये. कपडे धुणाऱ्यांचे आणि तबेलेवाल्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नयेत.

पावसातला एक फोटो मला हवाच आहे, परंतु तो पुलावरूनच काढावा. तुळशी तलावाच्या डोंगरातून खाडीपर्यंत नदीची सारी लांबी जेमतेम १२ किलोमीटर, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानात कोसळलेला पाऊस गावठाणात पोहोचायला फारसा वेळ लागत नाही; त्यातच समुद्राला साडेचार मीटरची भरती असली, तर खाली पाणी घ्यायला जागाच उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आपण माळ्यावर काय काय चढवले होते, हे त्याला सांगावे. तेव्हा तो फार लहान होता. त्या रात्रीचा एकही फोटो आपल्याकडे नाही, कारण बाबांचा कॅमेरा खालच्या कपाटात राहिला आणि चिखलात गेला.

प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ आणि उभे राहण्याची जागा लिहावी. मोबाइल वेळ आपोआप नोंदवतो, भरती नोंदवत नाही. ती भरतीच्या तक्त्यात पाहून लिहावी लागेल. इथे एल्बे नदीचे पाणीही दिवसातून दोनदा चढते-उतरते, आणि मला ही सवय इथल्या धक्क्यावर फिरताना लागली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तसेच पाठवले तर बारीक तपशील जातो, म्हणून ते पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवावेत. ऑक्टोबरात माझा मित्र मुंबईला येणार आहे, तो घेऊन येईल.

काकूंना नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद. त्या जुन्या फोटोची प्रत सोबत पाठवत आहे. कोपऱ्यातला तो अर्धा पाय तुमचाच आहे ना? आत्या म्हणते, तिचा आहे.

तुमचा पुतण्या