खेळातला हुंडा झाकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांचं पत्र आलंय, त्यांनी लिहिलंय की हल्ली कॉलेजची पोरं ज्या परदेशी बोर्ड गेम खेळतात त्यात एक गेम असा आहे की ज्यात लग्नं जुळवायची, हुंडा द्यायचा-घ्यायचा, आणि असला खेळ घरात येऊच देऊ नये. त्यांनी गेमचं नाव लिहिलेलं नाही पण वर्णनावरून मला वाटतं तो 'लेगसी: द टेस्टामेंट ऑफ ड्यूक द क्रेसी' हाच असणार, कारण तोच आमच्या घरी दिवाळीपासून चालू आहे. भाच्याने पुण्याहून आणला. मी सांगलीत शाळेत पंचवीस वर्षं इतिहास शिकवला, आता रिटायर झालेय, आणि हा गेम मी आतापर्यंत दहा-बारा वेळा तरी खेळलेय, म्हणून लिहायला बसले. त्या वाचकांची काळजी मला कळते, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही.

आधी गेम काय आहे ते सांगते म्हणजे ज्यांनी बघितलेला नाही त्यांना अंदाज येईल. पोर्टल गेम्स नावाच्या पोलंडच्या कंपनीने तो २०१३ मध्ये काढला, मिखिएल हेन्ड्रिक्स नावाच्या डिझायनरचा आहे, एक ते चार जण खेळू शकतात. काळ अठराव्या शतकातला, फ्रान्स, क्रांतीच्या आधीचा. तुम्ही एका सरदार घराण्याचे प्रमुख. हातात जी पानं असतात ती म्हणजे तुमच्या ओळखीपाळखीची माणसं, त्यातनं तुमच्या मुलामुलींना स्थळं शोधायची, मुलं झाली की त्यांची पानं खाली मांडायची, वाडा घ्यायचा, किताब मिळवायचा, धंद्यात पैसे घालायचे, असं करत तीन पिढ्या न्यायच्या आणि शेवटी ज्याच्या घराण्याचा मान जास्त तो जिंकला. टेबलावर वरून खाली वंशावळ वाढत जाते, जशी आपल्याकडे जुन्या घरात कागदावर काढून ठेवलेली असते तशीच, फक्त इथे ती आपल्या हाताने तयार होते. बाळंतपणात विघ्न येण्याची पानंही त्यात आहेत आणि ते पान निघालं की आमच्याकडे सगळे एकदम गप्प होतात, भाचा सुद्धा, जो एरवी सारखी बडबड करत असतो.

आणि हो, हुंडा आहे. मुलाला सून आणली तर पैसे येतात, मुलीचं लग्न केलं तर पैसे जातात, पानावर आकडाच छापलेला असतो. पहिल्या दिवशी माझी लेक, दहावीत आहे ती, तिला लागोपाठ दोन मुली झाल्या गेममध्ये आणि ती पटकन म्हणाली, "अरे यार परत मुलगी." म्हणाली आणि स्वतःच थांबली. तोंडावर हात ठेवला तिने. मी तिला काहीही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. दहा मिनिटांपूर्वी जी मुलगी मला समानतेवर भाषण देत होती तिला नुसत्या आकड्यांनी असं बोलायला लावलं. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना वाटतं की यातनं मुलं हुंडा शिकतील. माझ्या लेकीला त्या दिवशी कळलं की "परत मुलगी" हे वाक्य माणसाच्या तोंडात येतं कुठनं, आणि हे मी तिला धड्यातनं कधीच शिकवू शकले नसते.

कारण हे काही गेमवाल्यांनी मनाने रचलेलं नाही हो. तेव्हाच्या फ्रान्समध्ये सरदार घराण्यांचं चालायचंच असं. आंत्वान क्रोझा नावाचा एक बडा सावकार होता, अफाट पैसा, अमेरिकेतल्या लुइझियाना या फ्रेंच वसाहतीतल्या व्यापाराचा मक्ता पण त्याला १७१२ मध्ये मिळाला, पण घराणं साधं. त्याने आपली मुलगी मारी-आन हिचं लग्न १७०७ मध्ये एव्ह्रोच्या काउंटशी लावून दिलं, ज्याचं कुळ मोठं आणि खिसा रिकामा. मुलगी बारा वर्षांची होती, बारा! पुढे त्या काउंटने १७१८ ते १७२२ या काळात पॅरिसमध्ये जो वाडा बांधला तोच आजचा एलिझे पॅलेस, जिथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष राहतात. टीव्हीवर आपले पंतप्रधान तिथे पायऱ्यांवर हात मिळवताना दिसतात ना तीच ती इमारत. गेममध्ये "श्रीमंत सून, गरीब खानदानी मुलगा" अशी जोडी जमली की डाव पुढे पळतो, तर मी तिथे थांबून ही बारा वर्षांची मारी-आन सांगते.

ज्यांच्याकडे मुलींना द्यायला पैसा नसायचा त्यांचं काय, हेही भाचीने विचारलं. तर बऱ्याच मुली कॉन्व्हेंटमध्ये जायच्या, तिथेही पैसे भरावे लागायचेच पण नवऱ्याला देण्यापेक्षा कमी. चौदाव्या लुईने १६८६ मध्ये त्याची दुसरी बायको मादाम द मँतनाँ हिच्या आग्रहावरून व्हर्सायजवळच्या साँ-सीरला गरीब सरदारांच्या अडीचशे मुलींसाठी शाळाच काढली, मुलगी विसाव्या वर्षी बाहेर पडताना तिला तीन हजार लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) हुंड्यासाठी मिळायचे. म्हणजे राजालासुद्धा मुलींसाठी जी सोय सुचली त्यात शेवटी हुंडा होताच. आणि गेममध्ये तो किताब घ्यायचा प्रकार आहे ना, तोही खरा आहे, राजाचा सचिव हे पद रोख पैसे देऊन विकत मिळायचं, वीस वर्षं सांभाळलं किंवा पदावर असताना मरण आलं की पुढच्या पिढ्या सरदार. पण ते जाऊ दे, मला हुंड्याबद्दलच बोलायचंय.

यात आपला मराठी धागाही आहे आणि तो ऐकला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपी पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, ज्याने उभे केले तो बन्वा द बॉइन्य, आपण त्याला डिबॉईन म्हणतो, हा आज फ्रान्समध्ये असलेल्या सव्हॉय प्रांतातल्या शांबेरीचा, कातडी विकणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा. शिंद्यांच्या चाकरीत त्याने प्रचंड पैसा कमावला आणि महादजी गेल्यावर दोन-तीन वर्षांत तो युरोपात परतला. क्रांतीमुळे सगळं गमावून लंडनला पळून आलेलं दोस्माँ नावाचं एक जुनं सरदार घराणं होतं, त्यांच्या सतरा वर्षांच्या आदेलशी १७९८ मध्ये त्याचं लग्न झालं, तो तेव्हा सत्तेचाळीसचा होता. आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय व्हावी म्हणून तिने हे स्थळ पत्करलं आणि हे तिने स्वतःच्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. इथे पैसा उलट्या दिशेने गेला, पण सौदा तो सौदाच. संसार सुखाचा झाला नाही. म्हणजे ज्या पैशाने ही सोयरीक झाली तो शिंद्यांच्या दौलतीतला, आपल्या वानवडीला ज्यांची छत्री आहे त्या महादजींच्या फौजेतला. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता, आजही येतो.

आता माझी स्वतःची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९८६ मध्ये झालं, हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणजे कायदा होऊन पंचवीस वर्षं झालेली. पाच तोळे सोनं, स्कूटर आणि वर मानपान. वडिलांनी दीड एकर रान विकलं. आमच्या घरात तो आकडा कधीही कोणी मोठ्याने उच्चारला नाही, "लग्नाचा खर्च" एवढंच म्हणायचे. बहिणीला स्वतःला रान विकल्याचं तीन वर्षांनी कळलं, तेही शेजारणीकडून. ती आजही ते सांगताना रडते. आमच्याकडे जे झाकून ठेवलं होतं ते या गेममध्ये पानावर छापलेलं असतं, सगळ्यांसमोर, आणि म्हणूनच मला तो मुलांपासून लपवावासा वाटत नाही.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, त्या बाजूला बसून बघतात. एक दिवस त्यांनी भाच्याला विचारलं, "यात मुलगी लग्न न करता घरी ठेवता येते का रे?" तो म्हणाला येते आजी, फक्त मग तिच्याकडून वंश पुढे जात नाही, मान कमी मिळतो. त्या म्हणाल्या, "मिळू दे कमी." मग आम्ही त्यांच्यासाठी एक डाव तसा खेळलो, त्यांची एक मुलगी शेवटपर्यंत बिनलग्नाची राहिली, त्या हरल्या आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

गेमबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती त्या वाचकांच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. तिसरी पिढी संपली की मान मोजायचा आणि पानं डब्यात. पण याच घराण्यांवर पुढे काय आलं ते टेबलावर येतच नाही. १७९० च्या जूनमध्ये वंशपरंपरागत सरदारकीच रद्द झाली, तुम्ही तीन पिढ्या खपून जमवलेले सगळे किताब एका ठरावात गेले. १७९१ च्या एप्रिलमध्ये ठरलं की मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी, थोरला-धाकटा असं न बघता वारसांना सारखा वाटा. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला, हे मी मुलांना तिथल्या तिथे सांगते. आमच्या घरी आता डाव संपला की भाची या दोन तारखा वाचते आणि मग सगळे मिळून मोजतात की सारखा वाटा असता तर कुठल्या घराण्यातल्या कुठल्या मुलीला काय मिळालं असतं. यात अर्धा तास जातो, कधी भांडणंही होतात, आणि मला हा अर्धा तास गेमपेक्षा जास्त आवडतो.

लहान मुलांना हा गेम देऊ नका हे मलाही मान्य आहे, बारा-तेराच्या आतल्यांना तो झेपणारही नाही. पण दहावी-अकरावीच्या मुलांना जरूर द्या, आणि एकट्याने खेळायला देऊ नका, घरातलं एक मोठं माणूस बरोबर बसू दे. पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांना माझी मनापासून विनंती आहे की त्यांनी आपल्या मुलांबरोबर एकदा डाव मांडावा, आणि मुलीचं लग्न करायची वेळ आली की पानावरचा आकडा मोठ्याने वाचावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली