खुबा बदलला, पण आत काय बसवलं त्याचा कागद कुठेय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत सांधेबदलीवर पानभर मजकूर आला, रोबोट आला, डॉक्टरांचे फोटो आले, ताठ चालणाऱ्या आजीपण आल्या. पण आत बसवलेला पार्टच खराब निघाला तर पेशंटनं कुणाला धरायचं, यावर एक ओळ नाही.

आमच्या काकूंचा खुबा बदलून काही वर्षं झाली आणि मग दुखायला लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं इम्प्लांट झिजतोय, काढावा लागेल. घरातल्यांनी जुनी फाइल काढली तर डिस्चार्ज समरीवर नुसतं ‘इम्पोर्टेड इम्प्लांट’ आणि बिलात ‘इम्प्लांट, नग 1’ आणि पुढे रक्कम, बस. कंपनी कोण, मॉडेल कोणतं, काही पत्ता नाही. अहो, पोह्यावर शेव कमी पडली तर आपला इंदूरी माणूस ठेल्यावर भांडतो, आणि इथे लाखाच्या वस्तूचं नावसुद्धा कुणी विचारलेलं नसतं, डॉक्टरांना कसं विचारायचं म्हणून.

खरं तर माहिती तिथेच असते. इम्प्लांटच्या डब्यात छोटे छोटे स्टिकर येतात, त्यावर कंपनीचं नाव, रेफ नंबर (म्हणजे मॉडेल कोणतं ते) आणि लॉट नंबर (कुठल्या बॅचचा माल ते) छापलेला असतो, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये ते पेशंटच्या रेकॉर्डला चिकटवतात. पुढची सगळी लढाई त्या बोटभर स्टिकरवर. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटनं मागितलं की 72 तासांत रेकॉर्ड द्यायला पाहिजे, पण तेच नियम सांगतात की भरती पेशंटचं रेकॉर्ड 3 वर्षं सांभाळलं की झालं. आता बघा, खुबा बसवताना सांगतात पंधरा-वीस वर्षं बघायला नको, आणि कागद टिकणार तीन वर्षं! म्हणून ऑपरेशन झालं की लगेच, सगळं छान चाललेलं असतानाच, स्टिकरच्या पानाची कॉपी मागून घ्या. भांडण सुरू झाल्यावर मागाल तर फाइल ‘स्टोअरमध्ये शोधतोय’.

हे मी उगाच ताणत नाहीये. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा होता, धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायचं, ऑगस्ट 2010 मध्ये तो जगभरातून परत मागवला. भारतात तोवर सुमारे 4,700 ऑपरेशनं झालेली. त्यातले कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंदले गेले ते हजाराच्या आसपास, बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या आत काय आहे हे कदाचित अजूनही माहीत नसेल. अमेरिकेत 2013 मध्येच अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली, आणि आपल्याकडे चौकशीला सरकारची डॉ. अरुण अगरवालांची समितीच बसली 2017 मध्ये. समितीनं प्रत्येकी किमान 20 लाख सुचवले, 2018 मध्ये सरकारनं भरपाईचा फॉर्म्युला काढला, कंपनी हायकोर्टात गेली, आणि 2019 मध्ये दिल्ली हायकोर्टात 67 जणांना प्रत्येकी 25 लाख द्यायला तयार झाली. ते 67 म्हणजे ज्यांचं दुसरं ऑपरेशन झालेलं होतं आणि ज्यांच्याकडे कागद होते.

इतका घोळ का, तर औषधांचा जो 1940 चा कायदा आहे त्यात आणि 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत बाजारात विकलेल्या पार्टनं त्रास झाला तर पेशंटला पैसे द्या असं कलमच नाही. 1 एप्रिल 2020 पासून सगळी उपकरणं त्या कायद्याखाली ‘औषध’ धरली जातात, त्यामुळे खराब मालाची तक्रार ड्रग इन्स्पेक्टरकडे करता येते, लायसन्सवर कारवाई होऊ शकते, पण तुमच्या हातात त्यातून एक रुपया येत नाही.

पैशाचा रस्ता म्हणजे ग्राहक आयोग, आणि तो लोकांना वाटतो तितका अवघड नाही. 2019 च्या ग्राहक कायद्यात सदोष मालाच्या जबाबदारीवर वेगळं प्रकरणच आहे, कंपनी, विकणारा आणि सेवा देणारा असे तिघेही त्यात येतात. हॉस्पिटल म्हणतं पार्ट खराब, कंपनी म्हणते डॉक्टरनं वाकडा बसवला, आणि पेशंट मधल्यामधे चेंडू. म्हणून तक्रारीत सगळ्यांनाच विरुद्ध पक्ष करा, कुणाची चूक किती ते आयोग बघेल. कंपनी मुंबईची असो की बाहेरची, केस तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे इथे इंदुरातच लावता येते. तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र 2 वर्षं, आणि ती कधीपासून मोजायची यावर समोरचा वकील हमखास वाद घालतो, तेव्हा त्रास सुरू झाल्यावर पहिल्यांदा दाखवलं ती तारीख, तो केसपेपर जपून ठेवा. उशीर झाला असेल तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार होतात अशा सरकारी दवाखान्याच्या विरुद्ध मात्र हा रस्ता चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच तसं ठरवलंय, तिथे सिव्हिल कोर्ट. आणि आधीच पोलिसात धावणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की डॉक्टरवर फौजदारी चालवायला 2005 च्या निकालाप्रमाणे दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं, ते मिळवण्यातच वर्ष जातं.

सगळ्यात मोठा पुरावा तर लोक स्वतःच सोडून देतात. काढलेला जुना पार्ट! एक तर तो कचऱ्यात जातो नाहीतर कंपनीचा माणूस ‘टेस्टिंगला नेतो’ म्हणून घेऊन जातो, आणि मग जी कंपनी आरोपी तिचाच रिपोर्ट. काकूंच्या वेळी आम्ही ऑपरेशनच्या आधीच लेखी दिलं की काढलेला पार्ट सील करून आम्हाला द्या आणि त्या अर्जावर पोच घेतली. सुरुवातीला कुरकुर झाली, मग दिला. आयोगाला गरज वाटली तर तो लॅबकडे पाठवायचा अधिकार आहे.

आणि भरपाई मिळो न मिळो, नोंद करा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे 2015 पासून उपकरणांच्या त्रासाची नोंद ठेवायचा कार्यक्रम चालू आहे, 1800-180-3024 वर पेशंटलाही फोन करता येतो. ग्राहक तक्रारीसाठी 1915. एका गावातून एकाच लॉटच्या पाच तक्रारी गेल्या तर ‘तुमचं वजनच जास्त आहे काकू’ असं सांगून कुणाला घरी पाठवता येणार नाही.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या पुरवणीत हे दोन नंबर छापा, आणि ज्या हॉस्पिटलांच्या जाहिराती घेता त्यांना विचारा की डिस्चार्जच्या वेळी स्टिकरची कॉपी पेशंटला न मागता देता का. जे हो म्हणतील त्यांची नावं छापा, नाही म्हणतील त्यांचीही.

आपला,
एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर